शेळी, मेंढी आणि कोंबड्या एकाच आवारात

प्रश्न : सिन्नरजवळ आमची 20 गुंठे जमीन आहे. घरच्या मटणासाठी संगमनेरी शेळ्या, मेंढ्या व गावरान कोंबड्या एकत्र पाळाव्यात का?

उत्तर : दिवसा एकत्र फिरू द्यायला हरकत नाही, मात्र रात्रीचा निवारा आणि खाद्य वेगळेच हवे. कोंबड्यांचे धान्य शेळीने भरपूर खाल्ले, तर पोटात आम्ल वाढून ती दगावू शकते, म्हणून ते तिचे तोंड पोहोचणार नाही अशा जाळीआड ठेवावे. गव्हाणीवर कोंबड्या बसू देऊ नयेत. विष्ठेने चारा नासतो. शेळ्यांसाठीचे तांबेयुक्त खनिज मिश्रण मेंढ्यांना विषारी ठरू शकते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते. शेळ्यामेंढ्यांना पीपीआर या संसर्गजन्य विषाणूजन्य रोगाची, कोंबड्यांना मानमोडी (राणीखेत) रोगाची लस द्यावी. औषध दिलेले जनावर पशुवैद्यकांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत कापू नये.