सीबीपीपीची (गुरांच्या सांसर्गिक फुफ्फुसदाहाची) लस टोचून चार महिने झाले, रक्तचाचणीत प्रतिपिंडं नाहीत. लस वाया गेली का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. तुमचा कळप टांझानियात आहे, म्हणजे लस टी१/४४ असावी असं धरून लिहितो. (आपल्याकडे हा फुफ्फुसांचा रोग आता पुस्तकातच भेटतो. २००७ साली भारत त्यातून मुक्त जाहीर झाला.)

तुम्ही केलेली सीएफटी (कॉम्प्लिमेंट फिक्सेशन टेस्ट) ही रक्तचाचणी रक्तात फिरणारी प्रतिपिंडं मोजते. या लशीनंतर ती साधारण तीन महिन्यांतच चाचणीला सापडेनाशी होतात. संरक्षण मात्र जवळपास वर्षभर टिकतं. रोगाची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी बऱ्याचशा लसिकाग्रंथींत बसलेल्या असतात आणि रक्तद्रवाच्या चाचणीत त्या दिसायचं कारणच नाही. रोगातून नैसर्गिकरीत्या बऱ्या झालेल्या गुरांच्या फुफ्फुसांलगतच्या ग्रंथींत अशा स्मृती-टी-पेशी सापडल्या आहेत. त्या इंटरफेरॉन-गॅमा हा प्रथिन-संदेश सोडतात, म्हणून तोच मोजावा असं पुढे सुचलं. पण त्याचं प्रमाण आणि जनावराचा बचाव यांचा मेळ नंतरच्या अभ्यासात बसला नाही. थोडक्यात, अमुक गाय सुरक्षित आहे असं सांगणारी रक्तचाचणी आज नाही. मी तरी चाचणीवर पुन्हा पैसे घालणार नाही.

पण निर्धास्तही राहू नका. बुळकांडीची लस एकदा टोचली की जनावराला बहुधा जन्मभर पुरायची. त्या भरवशावरच तो रोग जगातून गेला. इथली स्मृती तशी पक्की नाही. टी१/४४ हा टांझानियातलाच जंतू, अंड्यांत ४४ वेळा वाढवून सौम्य केलेला. त्याच्या पहिल्या मात्रेनं कळपातली बरीच जनावरं उघडीच राहतात. दरवर्षी टोचत गेलं की संरक्षण चढत जातं, म्हणून पहिल्या वर्षानंतर मोहीम थांबवणं सगळ्यात महागात पडतं. तुमची पुढची मात्रा वर्ष भरण्याआधी ठरवून ठेवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: टोचणीच्या आसपास कळपाला टेट्रासायक्लिन दिलं होतं का? लस जिवंत जंतूंची आहे, ते औषध तिलाच मारतं. पेनिसिलिन दिलं असेल तर काळजी नाही. हा जंतू मायकोप्लाझ्मा जातीचा, त्याला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. टेट्रासायक्लिन दिलं असेल, तर वर्षाची वाट न बघता तिथल्या पशुवैद्याशी बोलून पुन्हा टोचून घ्या.