बायोडेटा फौजेबाहेरच्या माणसासाठी लिही

मित्रा, तुझा बायोडेटा वाचला. पहिल्या अर्ध्या पानातच फौजेतली 9 लघुरूपं! समोरच्याला त्यातलं एकही कळणार नाही. हुद्दा आणि युनिट एका ओळीत उरक, बाकी जागा कामाला दे. नुसतं ‘रडारची देखभाल’ लिहून भागत नाही. बिघाड कसा शोधायचास, ऑसिलोस्कोपवर (विद्युत संकेतांच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) काय बघायचास, हाताखाली किती जण होते, सुट्या भागांचा हिशेब कोण ठेवायचं, ते येऊ दे. डिझेल जनरेटर, हायड्रॉलिक्स, वायरिंग हे शब्द बाहेरही तेच आहेत. गोपनीय तपशील मात्र कुणी खोदून विचारलं तरी नकोत. आणि मुलाखतीत सारखं ‘आम्ही केलं’ म्हणू नकोस. माझी ती सवय जाता जात नव्हती. ‘पण तुम्ही स्वतः काय केलंत?’ असं समोरच्याला दोनदा विचारावं लागलं होतं.