दाढेत पंधरा वर्षांपूर्वी भरलेली चांदी काढून टाकावी का?

तुम्ही विचारलंय की दाढेतल्या चांदीत खरंच पारा असतो का, आणि असेल तर ती काढून घ्यावी का. असतो, वजनानं जवळपास निम्मा. उरलेला भाग म्हणजे चांदी, कथील आणि तांब्याची भुकटी. पण भरलेलं घट्ट असेल, कडेनं कीड लागली नसेल, तर त्याला हात लावू नका.

मी दातांचा डॉक्टर. शिकत होतो तेव्हा छोट्या खलात पारा आणि भुकटी हातानं घोटायचो. मग तो लगदा कापडात धरून पिळायचा. जादा पारा थेंबाथेंबानं गळायचा, एखादा थेंब फरशीच्या फटीत पळायचा आणि आम्ही हसायचो. पाऱ्याची वाफ पेशंटपेक्षा आम्हीच जास्त ओढली. पारा आणि भुकटी आधीच मोजून बंद केलेल्या कॅप्सूल आल्या तेव्हा तो उद्योग थांबला.

दाढेत बसलेला पारा बाकीच्या धातूंशी जखडलेला असतो. चावताना किंचित वाफ सुटते, झोपेत दात खाणाऱ्यांना जरा जास्त. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये आणि पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये मिळून हजारावर मुलं काही वर्षं तपासली गेली. २००६ साली निकाल आले. चांदी भरलेल्या आणि दुसरं मटेरियल भरलेल्या मुलांच्या बुद्धीत, स्मरणशक्तीत लक्षणीय फरक सापडला नाही.

मग युरोपीय संघानं १ जानेवारी २०२५ पासून नवीन चांदी भरण्यावर बंदी का घातली? मोठं कारण पर्यावरणाचं: दवाखान्याच्या बेसिनमधून आणि स्मशानातल्या दहनभट्टीच्या धुरातून पारा पाण्यात, हवेत जातो. पाण्यातला पारा पुढे माशांत साठतो, आणि ते प्रकरण जास्त विषारी. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २०२० मध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, सहा वर्षांखालची मुलं, किडनीचे किंवा मज्जासंस्थेचे आजार असलेले यांना शक्यतो नवीन चांदी भरू नका असं सांगितलं. चांगलं बसलेलं उगाच काढू नका, हेही त्यातच आहे. ‘डिटॉक्स’ विकणारे नेमकं तेवढंच वगळतात.

उगाच न काढण्याचं कारण असं, की ड्रिल लावलं की चावताना सुटते त्यापेक्षा जास्त वाफ एकदम उडते. चांदीला तडा गेला, खाली कीड लागली तर काढावीच लागते. तेव्हा रबर डॅम (दाढेभोवती ताणून बसवलेला पातळ रबरी पडदा), भरपूर पाणी आणि जोरदार सक्शन आहे का ते आधी विचारा. घरात कुणी गरोदर असेल आणि दाढ दुखत नसेल, तर तिचं काम बाळंतपणानंतर.