कंपनीच्या म्युझिक सिस्टमला बाहेरचा सबवूफर जोडता येतो का? (गाडी रत्नागिरीत असते)

येतो की, स्टिरिओ बदलायचीही गरज नाही. ॲम्प्लिफायर आतच असलेला, सीटखाली बसणारा सबवूफर घ्या. फक्त त्याला ‘हाय लेव्हल इनपुट’ हवा, म्हणजे स्पीकरच्या वायरींवरूनच सिग्नल मिळतो. मूळ वायरी कापू देऊ नका, कपलर (वायरी न कापता मध्ये बसणारा तयार जोड) लावा. उगाच वॉरंटीवरून वाद नको. पॉवर थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात.

खरी गोम अर्थिंगची, म्हणजे सबवूफरची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडण्याची. रंग खरवडून बोल्ट घट्ट केला तरी आपल्या खाऱ्या हवेत तो गंजतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून घूंऽऽ सुरू! जोडावर ग्रीस फासा. वायर कल्हई केलेल्या तांब्याचीच. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर इथे टिकत नाही. पावसाळ्यात कार्पेटखाली ओल येत असेल, तर सबवूफर डिकीतच बसवा.