नवीन ५० एमएम एफ/१.४ लेन्सचा शार्पनेस आणि ऑटोफोकस कसा चेक करायचा?

आधी हे बघा की लेन्सच सॉफ्ट (धूसर फोटो देणारी) आहे का फोकस चुकतोय. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, २ सेकंदाचा टायमर, आणि लाइव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर) झूम करून हाताने फोकस लावून १.४ ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून, फोटो घ्या, मग तोच ऑटोफोकसने व्ह्यूफाइंडरमधून, दरवेळी फोकस रिंग फिरवून बिघडवायचा आणि परत लॉक करायचा, असे आठ-दहा तरी. हाताने घेतलेला शार्प असेल आणि ऑटोफोकसचे नसतील तर फोकस चुकतोय. ते सगळे एकाच बाजूला (सगळे पुढे किंवा सगळे मागे) चुकले तर डीएसएलआरमधल्या (आरसा असलेल्या कॅमेऱ्यातल्या) फाइन ट्यूनने, म्हणजे मेनूतल्या फोकस दुरुस्तीने, सुटतं, कधी पुढे कधी मागे असेल तर नाही सुटत. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) फोकस सेन्सरवरच मोजतात म्हणून असं एकाच बाजूला चुकणं फारसं होत नाही. टेस्ट नेहमीच्या अंतरावरूनच करा प्लीज, अगदी जवळून नको. आणि १.४ ला कोपरे थोडे सॉफ्ट असतातच, पण एकच कोपरा जास्त खराब दिसला तर लेन्स बदलून घ्या.