शताब्दीची स्मरणिका, वकिलाकडची पेटी आणि क्लबचे ट्रस्टी

तुम्ही लिहिलंय की मुलं दर रविवारी मिनीजमध्ये (लहान मुलांच्या गटात) रग्बी खेळतात, त्या ओळखीतून सेक्रेटरींनी क्लबच्या शताब्दीच्या स्मरणिकेचं काम तुमच्याकडे सोपवलं. जुनी इतिवृत्तं ‘कुठल्यातरी वकिलाकडे’ आहेत असं सगळे सांगतात, पण ते ऑफिस दाद देत नाही. शिवाय बोधचिन्हावर १९२० च्या दशकातलं साल असताना गावाच्याच नावाचा एक संघ १८८० च्या सुमाराच्या बातम्यांत सापडतोय. हे वाचल्यावर उत्तर दिल्याशिवाय राहवेना. उत्तर इंग्लंडमधल्या, यॉर्कशरमधल्या आमच्या छोट्या क्लबाचं अगदी हेच झालं होतं. जुनी वर्तमानपत्रं कुठे बघायची, फोटो कसे स्कॅन करायचे, ते तुम्हाला जमेलच, त्यावर लिहीत नाही.

आधी पेटीबद्दल. इंग्लंडमधले बरेच जुने हौशी क्लब ही नोंदणीकृत संस्था नसते. आपल्याला रजिस्टर झालेल्या मंडळांची सवय, त्यामुळे हे चटकन लक्षात येत नाही. कायद्याच्या नजरेत क्लब म्हणजे काही नियम मान्य करून एकत्र आलेले सभासद, एवढंच. अशा क्लबाच्या स्वतःच्या नावावर जमीन होत नाही. मैदान आणि क्लबहाऊस ट्रस्टींच्या नावावर असतं, जास्तीत जास्त चार जणांच्या. प्रेसिडेंट मानाचा, चेअरमन कमिटी चालवणारा, पत्रव्यवहार ऑनररी सेक्रेटरीचा, पैसे ट्रेझररचे, सामने फिक्स्चर सेक्रेटरीचे. ही माणसं एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत, निवडली जातात, बदलतात. ट्रस्टींची निवडणूक आमच्याकडे कधी झालीच नव्हती. ते म्हातारे झाले, गाव सोडून गेले, काही वारले, आणि कागदावर तेच राहिले.

आमची पेटी ज्या ऑफिसात होती त्याचं नाव घेत नाही. पूर्वी आमचे एक सेक्रेटरी त्याच ऑफिसात वकील होते. त्यांनी इतिवृत्ताच्या वह्या आणि जागेची कागदपत्रं एकाच पेटीत घालून तिथल्या तिजोरीच्या खोलीत ठेवली. पुढे ते गेले, ऑफिस दुसऱ्या ऑफिसात विलीन झालं. मी पत्र लिहिलं तर उत्तर आलं, तुम्ही आमच्या अशील नाही. सेक्रेटरींनी लिहिलं तर, सूचना ट्रस्टींकडून यायला हवी. ट्रस्टी कोण ते विचारलं तर, ते आम्ही तुम्हाला सांगू शकत नाही. दर वेळी नवीन माणूस, नव्याने सगळ्यांच्या ओळखपत्रांची मागणी, आणि आधीचं पत्र कोणी वाचलेलंच नसायचं. वह्यांमध्ये गोपनीय काय होतं? कोणाची वर्गणी थकली आणि मैदानाचा रोलर कोणी दुरुस्त करायचा. पण पेटीचा नंबर एकच, म्हणून वह्यांनाही खरेदीखताचेच नियम.

मला खरा संताप कशाचा येतो ते सांगते. उपाय एका वाक्याचा होता आणि तो त्यांना माहीत असणारच. १९२५ च्या ट्रस्टी अ‍ॅक्टच्या ३६ व्या कलमाप्रमाणे, नियमांत दुसऱ्या कोणाला अधिकार दिलेला नसेल, तर हयात असलेले ट्रस्टी लेखी कागद करून मृतांच्या जागी नवीन ट्रस्टी नेमू शकतात. एकही हयात नसेल तर शेवटी वारलेल्याच्या मृत्युपत्राचे व्यवस्थापक ते करू शकतात. हे आम्हाला क्लबमधल्याच एका निवृत्त सभासदानं सांगितलं, ज्यांची नोकरी जमिनीच्या कागदपत्रांत गेली होती. मग वृद्धाश्रमात असलेल्या एका ट्रस्टींनी आनंदाने सह्या केल्या आणि पेटी आली. पण त्या मधल्या काळात आमचे सर्वांत जुने खेळाडू गेले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या संघाच्या फोटोतली मागची रांग ओळखणारे ते एकटेच होते. स्मरणिकेत त्या रांगेखाली आम्हाला ‘नावे उपलब्ध नाहीत’ असं छापावं लागलं. ते पान मला अजून बघवत नाही. म्हणून हात जोडून सांगते, पेटीची वाट बघत बसू नका. आज जे ऐंशी-नव्वदीचे आहेत त्यांच्यापुढे फोटो ठेवा आणि फोनवर बोलणं रेकॉर्ड करा.

(मी वकील नाही. तुमचा क्लब कंपनी असेल किंवा रजिस्टर्ड सोसायटी असेल तर वरचं लागू होणार नाही. कमिटीतलं कोणी ‘आपण सीएएससी आहोत’ असं म्हणालं तर त्यावर थांबू नका. ती २००२ पासूनची करसवलतीची नोंद आहे, मालमत्ता कोणाच्या नावावर आहे ते त्यातून कळत नाही.)

आता साल. माझं मत स्पष्ट आहे: १८८० चा संघ आपला म्हणून सांगू नका. तुमचा क्लबही उत्तरेतला आहे, तेव्हा १८९५ आडवं येतंच. शनिवारी खेळायला गेलेल्या गिरणी आणि खाण कामगारांचा बुडालेला रोज भरून द्यावा, ही मागणी रग्बी फुटबॉल युनियनने (इंग्लंडमधल्या रग्बीची नियामक संस्था) १८९३ च्या सभेत २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात नॉर्दर्न युनियन ही फुटून निघालेल्या उत्तरेतल्या क्लबांची संघटना स्थापन झाली, पहिल्या मोसमात तिच्यात २२ क्लब खेळले, आणि त्यातून पुढे रग्बी लीग हा वेगळा खेळ झाला. नंतरच्या वर्षांत उत्तरेतले आणखी कितीतरी संघ तिकडे गेले किंवा बंद पडले. आमच्या गावातला जुना संघ असाच गेला. १९२० च्या दशकात आमचा क्लब काढणारे होते ग्रामर शाळेचे (प्रवेशपरीक्षेने निवडून घेणाऱ्या माध्यमिक शाळेचे) माजी विद्यार्थी, बँकेतले कारकून आणि शाळामास्तर. माणसं वेगळी, मैदान वेगळं, पैशाबद्दलची भूमिकाही वेगळी. फक्त गावाचं नाव सारखं आहे म्हणून चाळीस वर्षं वाढवून घेणं हा त्या कामगारांवर अन्याय आहे. त्यांना एक स्वतंत्र प्रकरण द्या.

हे ठरवायला आम्हाला उपयोगी पडली ती वर्गणीची वही. लाल कापडी पुठ्ठा, डावीकडे नाव, मग पत्ता, मग व्यवसाय, उजवीकडे पैसे मिळाल्याची खूण. १९३० च्या दशकापर्यंत व्यवसायाच्या रकान्यात कारकून आणि शिक्षकच जास्त. युद्धानंतर प्लंबर, शेतकरी, लॉरी ड्रायव्हर दिसायला लागतात. १९६५ नंतर ग्रामर शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे सगळ्यांना खुल्या, होऊ लागल्या, तशी ‘माजी विद्यार्थीच हवा’ ही अट गेली आणि नावातली शाळाही गेली. क्लब कोणाचा होता आणि कोणाचा झाला, ते सामन्यांच्या निकालांपेक्षा या रकान्यात जास्त कळतं.

निकालांवरून आठवलं, जुने आकडे आजच्या हिशेबाने वाचू नका. ट्रायला (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला) १९७१ पर्यंत ३ गुण होते, मग ४ झाले, १९९२ पासून ५ आहेत. त्याआधीच्या एकोणिसाव्या शतकातल्या बातम्यांत तर ‘एक गोल, दोन ट्राय’ असाच निकाल असतो.

आणि सगळी स्मरणिका फर्स्ट फिफ्टीनच्या, म्हणजे क्लबच्या पहिल्या संघाच्या, फोटोंनी भरू देऊ नका, कमिटी तसा आग्रह धरेल. १९८७ मध्ये आपल्या रग्बी युनियनमध्ये लीग, म्हणजे साखळी स्पर्धा, सुरू झाल्या. त्याआधी सामने फिक्स्चर सेक्रेटरींच्या पत्रांवर ठरायचे आणि आमचे पाच संघ दर शनिवारी खेळायचे. लीगमुळे पहिला संघ सुधारला, पण चौथा आणि पाचवा हळूहळू संपले असं मला वाटतं. इतर क्लबांचा अनुभव वेगळा असू शकेल. महिलांच्या संघाला शेवटचं अर्धं पान देऊ नका. इथली महिलांची रग्बी युनियन १९८३ ची आहे, त्या पिढीच्या खेळाडू भेटतील. मिनीजचे फोटो छापायच्या आधी पालकांची लेखी परवानगी घ्या, क्लबमध्ये मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेले सेफगार्डिंग ऑफिसर विचारणारच.

तुमच्या मुलांसाठी एक चौकट मात्र जरूर टाका. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याचा कलकत्ता कप हा १८७३ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्त्याच्या रग्बी क्लबाने, क्लब मोडताना बँकेतून काढलेले चांदीचे रुपये वितळवून केलेला. त्याच्या मुठी नागांच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. आमच्याकडे मिनीजनी सगळ्यात आधी तेच पान वाचलं.

तुमची एजीएम बहुधा मोसम संपल्यावर, उन्हाळ्याच्या सुरुवातीला असेल. ट्रस्टींचा विषय तिच्या कार्यक्रमपत्रिकेत लेखी घालायला सेक्रेटरींना आत्ताच सांगा, आणि लँड रजिस्ट्रीतून (जमीन मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातून) मैदानाच्या नोंदीची प्रत मागवा. जागा नोंदलेली असेल तर मालक म्हणून कोणाची नावं आहेत ते तिथे कळेल, त्यासाठी त्या वकिलाला विचारायची गरज नाही. नावं मिळाली की इथे लिहा (नावं नकोत, किती हयात आहेत तेवढंच), आम्ही केलेल्या कागदाचा मसुदा मी व्यक्तिगत निरोपातून पाठवते.