निराधार अनुदानातून पाणीपट्टी परस्पर कापता येते का?

प्रश्न : माझी आई ६२ वर्षांची, विधवा आहे. तिला संजय गांधी निराधार योजनेचे महिना दीड हजार रुपये मिळतात. मागच्या वेळी तीन महिन्यांचे साडेचार हजार एकदम जमा झाले. गावातल्या बँक मित्राने आईचा अंगठा घेतला आणि हातात तीन हजार ठेवले. उरलेले दीड हजार पाणीपट्टीत गेले म्हणाला. ग्रामपंचायतीचा शिपाई तिथेच बसला होता. पावती कोणीच दिली नाही. ग्रामसेवक म्हणतात, बाकीची थकबाकी भरल्याशिवाय कुठलाही दाखला मिळणार नाही. विजेचं बिलही थकलं आहे; मीटर वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. पुढच्या वेळी विजेचे पैसेही अनुदानातूनच कापू, असं लाइनमन सांगून गेला. आम्ही काय करावं?

उत्तर : आईच्या अनुदानातून पाणीपट्टी किंवा वीजबिल परस्पर कापून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. ग्रामपंचायतीला नाही, वीज कंपनीला नाही आणि बँक मित्राला तर मुळीच नाही. थकबाकी खरी असेल तर ती द्यावी लागेल, हेही तितकंच स्पष्टपणे सांगतो. पण देणं असणं वेगळं आणि ते कोणीही, कुठूनही, कसंही वसूल करणं वेगळं.

ब्रिटनमध्ये सरकारी मदतीतूनच गॅस, वीज, पाण्याची थकबाकी कापून कंपनीला देण्याची कायदेशीर सोय आहे. तिथेही कपातीला मर्यादा घातलेली आहे. युनिव्हर्सल क्रेडिट या तिथल्या मुख्य मदत योजनेतल्या एकूण कपातीची मर्यादा एप्रिल २०२५ मध्ये मूळ भत्त्याच्या २५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणली गेली. आपल्या निराधार योजनेत अशी सोयच नाही. त्यामुळे ‘थोडंच कापलं’ हा बचाव चालत नाही. उलट १८७१ च्या पेन्शन कायद्याचं कलम ११ सांगतं की शासनाने अनुकंपा म्हणून किंवा अपंगत्व, दुर्बलता पाहून दिलेल्या निवृत्तिवेतनावर न्यायालयाच्या हुकमानेही जप्ती येत नाही. निराधार अनुदान त्यात बसतं, असं माझं मत आहे आणि मी तसाच युक्तिवाद करीन. जिथे न्यायाधीशाचा हात थांबतो तिथे शिपायाचा हात कसा पोचतो, हा प्रश्न ग्रामपंचायतीला लेखी विचारायलाच हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आईला शांतपणे बसवून विचारा की त्या दिवशी नेमकं काय झालं. साडेचार हजार तिच्या हातात आले आणि तिने स्वतःहून दीड हजार शिपायाला दिले, की पैसे हातात येण्याआधीच बाजूला काढले? पहिलं असेल तर तो तिने केलेला भरणा आहे आणि मागायची ती फक्त पावती. दुसरं असेल तर तिच्या संमतीशिवाय तिचे पैसे काढले गेले. शिपाई शेजारी बसलेला आणि बँक मित्र ‘द्या की मावशी’ म्हणत असताना दिलेल्या होकाराला मी मोकळी संमती मानत नाही. पण तक्रारीत जे घडलं तेच लिहा. पुढे कोणी जबाब घेतला तर आईला तेच सांगावं लागेल.

मग पासबुक भरून घ्या. अंगठ्यावर साडेचार हजार काढल्याची नोंद असेल आणि हातात तीनच आले असतील, तर ती तुमची सर्वांत भक्कम बाजू. बँक मित्र हा बँकेचा प्रतिनिधी असतो आणि त्याच्या कृत्याला बँक जबाबदार असते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून त्याच्याशी भांडू नका. शाखाधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा. मजकूर एवढा पुरे : ‘दिनांक अमुक रोजी माझ्या खात्यातून रु. ४,५०० काढल्याची नोंद आहे. मला रु. ३,००० मिळाले. उरलेल्या रकमेसाठी मी कोणालाही अधिकार दिलेला नाही. ती रक्कम परत मिळावी.’ खाली आईची सही किंवा अंगठा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

त्याच दिवशी ग्रामपंचायतीत दुसरा अर्ज द्या. दीड हजार खरंच जमा झाले असतील तर नमुना १० ची पावती असेल. तिची प्रत मागा. नमुना ९, म्हणजे मागणी नोंदवहीतला तुमच्या घराचा उताराही मागा. पाणीपट्टी, घरपट्टी, दिवाबत्ती सगळं एकत्र करून तोंडी आकडा सांगायची सवय अनेक ठिकाणी आहे, तेव्हा कोणत्या वर्षाचं किती हे कागदावर बघितल्याशिवाय पुढचा रुपया देऊ नका. पावती निघालीच नाही तर प्रकरण वसुलीचं राहत नाही, अपहाराचं होतं. तेव्हा गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार करा आणि गरज पडली तर पोलिसांत. पण ती पायरी आधी चढू नका. पावती असेल तर तुमचंच म्हणणं कमकुवत होईल.

पट्टी वसूल करायचा रस्ता ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ मध्ये दिलेला आहे : आधी बिल, मग मागणीचा लेखी हुकूम, नंतर जंगम मालाची जप्ती. या थकबाकीसाठी लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, जा. तिथे हप्ते पाडून मिळतात.

दाखला अडवण्याबद्दल. तोंडी नकार ऐकून परत यायचं नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. निराधार असल्याचा दाखला ही २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवा आहे. नकार द्यायचा तर कारणासह लेखी द्यावा लागतो आणि त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. आई हयात असल्याच्या दाखल्याचा प्रश्न असेल तर ग्रामपंचायतीवर अडून राहू नका. आईला घेऊन तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत जा, तिला समोर उभी करा आणि झाला प्रकार तहसीलदारांच्या नावे लिहून द्या. अनुदान ते मंजूर करतात, तेव्हा ते वाटेत कापलं जातंय हे त्यांना कळलंच पाहिजे.

विजेचं बघू. लाइनमनच्या बोलण्याला कायद्याचा आधार नाही, पण वीज तोडण्याची भीती मात्र खरी आहे. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ५६ सांगतं की तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस हवी. थकबाकी दोन वर्षांपेक्षा जुनी असेल आणि मधल्या बिलांत ती सलग दाखवलेली नसेल, तर तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. म्हणून जुनी बिलं शोधून ठेवा. रकमेबद्दलच वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी ती ‘हरकत राखून’ भरली की वाद मिटेपर्यंत पुरवठा चालू राहतो. आकडा मान्य असेल तर उपविभागीय कार्यालयात हप्त्यांसाठी अर्ज करा आणि मीटर आईच्या नावावर करायचा अर्जही सोबत द्या. ऐकलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर मुंबई आणि नागपूरला विद्युत लोकपाल आहेत.

वकिलाची फी कुठून आणायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळेल. तोवर पुढचं अनुदान आलं की आईला एकटीला अंगठ्याला पाठवू नका. शक्य असेल तर शाखेतच न्या आणि पैसे मोजून झाल्यावरच बाहेर पडा.